चार राजधान्या आणि एकच रेल्वेलाईन

प्रश्न : ताई, आम्ही तिघं मोरोक्कोला जायचं म्हणतोय, मी, नवरा आणि सासूबाई. हाताशी नऊ दिवस. फेस, मेकनेस, राबात, माराकेश अशा चारही जुन्या शाही राजधान्या करायच्या आहेत. टूरवाले म्हणतात गाडीने गोल फिरवून आणतो, रोज नवीन गाव. सासूबाई सत्तरीच्या, गुडघा दुखतो. जमेल का? आणि खरंच चारही बघण्यासारख्या आहेत का, की सगळीकडे तेच, तटबंदी नि दरवाजे?

उत्तर : जमेल हो, पण रोज नवीन गाव नको. सासूबाईंचा गुडघा बाजूला ठेवा, रोज बॅग भरायची नि रोज उघडायची म्हटलं की तुमचंच डोकं फिरेल तिसऱ्या दिवशी. ही चारही शहरं रेल्वेने जोडलेली आहेत, फेस, मेकनेस, राबात, मग कॅसाब्लांका आणि शेवटी माराकेश, सरळ एका ओळीत. फेस ते मेकनेस जेमतेम पाऊण तास, राबातहून माराकेश साधारण चार तास. तेव्हा कॅसाब्लांकाला उतरून पहिली रात्र तिथेच झोपा, मग फेसला तीन रात्री, मेकनेसला एक, राबातला एक, माराकेशला दोन. झाले तुमचे नऊ दिवस.

आता "तेच ते" बद्दल. तिथे राजघराणं बदललं की राजधानी बदलायची आणि नवा राजा जुन्याच्या वास्तूचं सामान बिनदिक्कत उचलून न्यायचा. माराकेशचा एल बदी राजवाडा बघितलात तर आत प्रचंड अंगण, हौद आणि उघड्याबोडक्या मातकट भिंती, बास. माणूस म्हणतो तिकीट कशाचं काढलं? तर हा राजवाडा अहमद अल-मन्सूर या सुलतानाने १५७८ च्या लढाईत पोर्तुगीजांना हरवल्यावर बांधायला घेतला, इटलीचा संगमरवर वगैरे आणून, आणि पुढे मौले इस्माईल गादीवर आला (१६७२ ते १७२७) त्याला मेकनेस उभं करायचं होतं, त्याने एल बदी सोलून काढला. मेकनेसच्या बाब मन्सूर दरवाजाला जे संगमरवरी खांब दिसतात ते तर त्याहून जुने, जवळच्या वोलुबिलिस या रोमन शहरातले. म्हणून मी मेकनेस आधी आणि माराकेश शेवटी सांगते, कारण मग एल बदीत उभं राहिल्यावर तुम्हाला माहीत असतं की माल कुठे गेला. बरेच लोक वेळ नाही म्हणून मेकनेसच गाळतात आणि मग बाकीच्या तिन्हींचा धागा लागत नाही, असं माझं मत.

मेकनेसला दुपारी वोलुबिलिसही होईल, तीसेक किलोमीटर आहे, टॅक्सी ठरवा, जायची-यायची आणि थांबायची एकत्र. तिथे सावली नाही, टोपी नि पाणी न्या. सासूबाईंना नेऊ नका, जमीन ओबडधोबड आहे, त्यांना मेकनेसच्या चौकात चहा पीत बसू दे.

राबात तर माजी राजधानी नाहीच खरं म्हणजे! १९१२ मध्ये फ्रेंचांचा अंमल आला तेव्हा त्यांनी राजधानी फेसहून तिकडे नेली आणि ती आजही तिथेच आहे. पण बाराव्या शतकात याकूब अल-मन्सूर या सुलतानाने (एल बदीवाला अल-मन्सूर वेगळा) तिथे अवाढव्य मशीद काढली होती, ११९९ मध्ये तो गेला आणि काम थांबलं ते थांबलंच, त्यामुळे हसन मिनार ४४ मीटरवर अर्धवट उभा आहे आणि समोर नुसते खांबच खांब. माराकेशचा कुतुबिया मिनार त्याच घराण्याचा, तो पूर्ण झाला, ७७ मीटर. दोन्ही बघितले की कळतं राबातला काय करायचं मनात होतं. बाकी राबात शांत, स्वच्छ, एक रात्र पुरते, उदायांच्या कस्ब्यातून, म्हणजे जुन्या किल्ल्यातून, समुद्र बघा नि निघा.

फेसला मात्र तीन रात्री कमी करू नका. मेदिना म्हणजे तटबंदीतलं जुनं शहर, आत गाडी शिरतच नाही, सामान गाढवावरून नि हातगाडीवरून जातं आणि मागून "बालाक! बालाक!" ओरडलं की भिंतीला चिकटायचं, गाढव थांबत नाही. सगळे बाब बू जलूद या निळ्या दरवाजातून (आतून तो हिरवा आहे, वळून बघा) शिरतात आणि उतारावरून खाली जातात, परत येताना चढ, तिथे गुडघ्याचे हाल. तुम्ही उलटं करा, "पेती टॅक्सी" म्हणजे गावातली छोटी टॅक्सी घेऊन थेट खाली रसीफ चौकात उतरा. या छोट्या टॅक्सीत तीनच माणसं घेतात, तुम्ही तिघंच आहात, मीटर लावायला सांगायचं. रसीफहून थोडंच चाललं की सफ्फारीनचा चौक, तांबट आळीच म्हणा ना, भांड्यांवर हातोडे चाललेत, एक म्हातारा परातीच्या काठावर ठोके देतोय आणि प्रत्येक ठोक्याला परात बोटभर फिरवतोय, मान वर नाही. मी तिथे तासभर बसले होते. बाजूलाच करवियीन, ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईने उभी केलेली मशीद, पुढे तिथेच मोठं विद्यापीठ झालं. मुस्लिमेतरांना आत सोडत नाहीत, दारातून अंगण बघायचं. जवळची अत्तारीन मदरसा मात्र तिकीट काढून बघता येते, नक्षीकाम तिथे पोटभर बघा.

कातडी कमावायचे हौद बघायला गच्चीवर नेतात तेव्हा हातात पुदिन्याची काडी देतात, हसू नका, घ्या. चुना आणि कबुतरांची विष्ठा कालवलेल्या पाण्यात कातडी भिजत असतात, त्याने कातडं मऊ होतं, आणि तो वास दुपारच्या उन्हात काय असतो ते सांगत नाही. गच्ची दुकानाची असते, खाली येताना बॅग घ्याच म्हणून मागे लागतात, नको असेल तर थोडे पैसे देऊन निघायचं. आणि हो, गल्लीत कोणी म्हणालं की पुढे रस्ता बंद आहे, माझ्या मागे या, तर रस्ता बंद नसतो. मी गेले होते मागे. पाऊण तास फिरवून एका गालिच्याच्या दुकानात सोडलं.

राहायला रियाद बघा, म्हणजे मधे चौक असलेला जुना वाडा. पण बुक करताना खालच्या मजल्यावरची खोली मागून घ्या, जिने उभे असतात.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी. उपाशी राहू का? रमजानमध्ये गेलं तर चालेल का?

उत्तर : उपाशी नाही राहणार, पण पाचव्या दिवशी भाज्यांच्या ताजीनचा (झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) कंटाळा येईल हे आधीच सांगते. झालूक मागा, वांगं-टोमॅटोचं, आपल्या भरिताचा चुलतभाऊ. बिसारा म्हणजे सुक्या बाकल्याचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल नि जिरं, बरोबर पाव, स्वस्त नि मस्त. हरीरा सूप डाळीचं दिसतं पण त्यात बहुतेकदा मांस असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याच्या वाफवलेल्या कण्या, शुक्रवारी असतं, भाज्या वर दिसल्या तरी शिजवलेलं असतं मटणाच्या रश्श्यावर, तेव्हा "मांस नको" एवढं पुरत नाही, रस्सा कशाचा ते विचारा. रमजानमध्ये दिवसा बरीच हॉटेलं बंद, शिवाय त्या महिन्यात तिथलं घड्याळ एक तास मागे करतात, ट्रेन चुकेल. संध्याकाळी उपास सुटल्यावरची रस्त्यावरची मजा वेगळीच हे खरं, पण पहिल्यांदा जाताय तर तो महिना टाळा.

प्रश्न : माराकेशच्या जमा एल-फना चौकात फोटो काढायला पैसे मागतात म्हणे?

उत्तर : मागतात. साप किंवा माकड फ्रेममध्ये आलं की माणूस समोर हजर. आधी आकडा ठरवा नाहीतर मोबाईल खिशात ठेवा. मेंदीवाल्या बायका हात धरून सुरूच करतात, हात मागे बांधून चाला. फोटो हवाच असेल तर अंधार पडताना कडेच्या एखाद्या कॅफेच्या गच्चीवर बसा, एक पुदिन्याचा चहा घ्यावा लागतो, खाली खाण्याच्या गाड्यांचा धूर नि दिवे लागलेले असतात आणि मागे कुतुबिया. दिरहामची सुट्टी नाणी जवळ ठेवा, नोट दिली की सुटे नाहीत म्हणतात.