नवरा शारजात, सासूबाईंकडे बटणांचा फोन: स्वस्तात बोलायचं कसं?

देवगडकडच्या एका ताईंनी विचारलंय: मिस्टर तीन आठवड्यांपूर्वी शारजाला कामाला गेले. व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉल काही केल्या लागत नाही. एकदा साधा फोन लावला, तर चार मिनिटांत बॅलन्स साफ. सासूबाईंना बटणांचाच फोन जमतो, आणि घरात रेंज येते-जाते. काय करू?

ताई, माझं आचऱ्याच्या बाजारात मोबाइलचं दुकान आहे. त्याआधी त्याच गाळ्यात एसटीडी-आयएसडीचा बूथ होता. म्हणजे परदेशातल्या माणसाशी बोलणाऱ्यांची तोंडं मी वीसेक वर्षं काचेतून बघत आलोय. तेव्हा बाहेरदेशी फोन म्हणजे एकट्या व्हीएसएनएल या सरकारी कंपनीच्या हातात. एप्रिल 2002 मध्ये ते मोकळं झालं, मग दर खाली यायला लागले. त्याआधी बायका आत शिरताना काय बोलायचं ते पाठ करून यायच्या आणि आत गेल्यावर सगळं विसरून मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत राहायच्या. "बरो आसस मा? जेवलंस? ठेवतंय हां." झालं. स्लिप फाडून हातात दिली की बिलाकडे बघून पुन्हा डोळे पुसायच्या. तेव्हा पैशांपायी बोलणं आखडायचं. आता फुकट बोलता येतं, पण कुठून कसं ते ठाऊक नसतं, एवढाच फरक.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा: तुमचा फोन बिघडलेला नाही. गेल्या वर्षी एक वहिनी व्हॉट्सॲप कॉल लागेना म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून फोन रीसेट करून माझ्याकडे आल्या. पोरीच्या बारशाचे फोटो गेले आणि कॉल तरीही लागला नाही. लागणारच नव्हता. यूएईमध्ये इंटरनेटवरून बोलण्यावर तिथल्या टेलिकॉम नियामकाचं नियंत्रण आहे. त्यांनी मान्यता दिलेल्या ॲपवरूनच आवाजाचा किंवा व्हिडिओचा कॉल होतो. व्हॉट्सॲपचा मेसेज, फोटो, रेकॉर्ड केलेला आवाज जातो. कॉल अडवला जातो. शारजा, दुबई, अबुधाबी, सगळीकडे हेच. सौदीने 2017 मध्ये अशा ॲपवरची बंदी उठवली, त्यामुळे तुमच्या शेजारणीचा भाऊ रियाधहून काय वापरतो ते तुमच्या उपयोगाचं नाही. गल्फ म्हटलं की आपण सगळं एकच समजतो, तिथेच गाडी अडते.

मग मान्यता आहे कुठल्या ॲपला? आपल्या माणसांत सगळ्यात जास्त चालतं ते बोटिम. दोघांच्या फोनवर हवं, दोघांनी आपापल्या नंबरने नोंदणी करायची. मिस्टरांनी तिकडच्या 971 वाल्या नंबरने केली तर बरं. पूर्वी यासाठी तिकडे महिन्याला 50 दिरहमचं इंटरनेट कॉलिंगचं पॅक घ्यावं लागायचं. माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांचे कॉल आता त्याशिवाय चालतात, लागतो तो फक्त डेटा. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल उघडून टाकू नका. आणि त्यात पैसे पाठवायच्या वगैरे ज्या सोयी दिसतात, त्यांना तुम्ही इकडून हात लावायची गरज नाही.

बोटिम आवडलं नाही तर गूगल मीट आणि झूमही तिथे मान्यताप्राप्त आहेत. मीट मला जास्त पसंत. दोघांतच बोलायचं असेल तर फुकटात 24 तासांपर्यंत चालतं, तिघं किंवा जास्त असतील तर 60 मिनिटं. झूमचा फुकट कॉल 40 मिनिटांवर तुटतो, नेमका भांडण रंगात आल्यावर.

व्हीपीएन, म्हणजे फोन दुसऱ्याच देशात आहे असं भासवणारं ॲप, टाका असं सांगणारा एक तरी शहाणा तुम्हाला भेटेलच, कदाचित भेटलाही असेल. मिस्टरांना स्पष्ट सांगा, नको. तिथल्या कायद्यात व्हीपीएन आडून गुन्हा केला तर 5 लाखांपासून 20 लाख दिरहमपर्यंत दंड आहे. अमुक माणूस दोन वर्षं वापरतोय, त्याला काही झालं नाही, हे ऐकून आपण जोखीम घ्यायची नाही. बायकोशी फुकट बोलायला व्हिसा पणाला लावणं परवडत नाही.

आता सासूबाईंकडे वळतो, कारण सगळ्या प्रश्नात खरी गोम तिथेच आहे. त्यांना ॲप शिकवायच्या फंदात पडू नका. आपल्याकडे येणाऱ्या कॉलला पैसे पडत नाहीत, हे त्यांच्या बटणांच्या फोनचं मोठं भांडवल आहे. फोन त्यांनी लावायचा नाही, मुलाने लावायचा. तिकडे त्याचं सिम एतिसलातचं असो की डूचं, भारतासाठी मिनिटांची पॅकं मिळतात. सुट्टा कॉल करण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. आठवड्यातून दोनदा दहा-दहा मिनिटं म्हटली तर महिन्याची ऐंशी-नव्वद मिनिटं होतात, त्या हिशोबाने पॅक बघायचं. त्यांच्या कानाला ओळखीची रिंग, हिरवं बटण, आणि "झिला, आयकाक येता मा?" याहून जास्त त्यांना काही नकोय.

नेटवर जुने सल्ले वाचाल तर स्काइपवरून साध्या फोनला लावा असं सापडेल. स्काइप मे 2025 मध्ये बंद झालं. ॲपमधून साध्या फोनला लावायच्या दुसऱ्या कंपन्या आहेत, लंडन-अमेरिकेतली माणसं त्यांत थोडे पैसे भरून आई-बाबांच्या लँडलाइनला आरामात बोलतात. पण यूएईत तोच मान्यतेचा अडथळा येतो, म्हणून तुमच्यासाठी तिकडच्या सिमचं पॅकच बरं.

तुमचा बॅलन्स का गेला ते सांगतो. पॅक न घेता आयएसडी लावला की कंपनीचा मूळ दर लागतो आणि तो मिनिटाला मोजतात. एक मिनिट दोन सेकंद बोललात तर दोन मिनिटं. म्हणून इकडून लावायचाच असेल तर आधी त्या देशाचं आयएसडी पॅक टाका, दर विचारून घ्या. दुकानदाराला विचारताना "दुबईचं" म्हणू नका, "यूएईचं, 971" म्हणा. एकाने ओमानला, म्हणजे 968 ला, बोलायचं होतं आणि दुबईचं म्हणून पॅक मारून घेतलं. ते पैसे समुद्रात.

माझ्या बूथच्या काळातली मिसकॉलची खूण अजून चालते. एक रिंग देऊन कापलं म्हणजे "वेळ मिळाला की लाव". पण रिंग लांबवू नका. तिकडे व्हॉइसमेल चालू असेल तर मशीन फोन उचलतं आणि तुमचं मिनिट सुरू होतं.

वेळेचंही गणित बसवा. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मिस्टर कामावरून येऊन, आंघोळ-जेवण उरकून रात्री 9 ला मोकळे झाले की आपल्याकडे साडेदहा वाजतात. तोवर सासूबाई घोरत असतात. ते पहाटे साडेपाचला उठत असतील तर आपले 7. चहाची वेळ, रेंजवर गर्दी नाही, म्हातारी ताजीतवानी. आमच्याकडच्या तीन-चार घरांनी हीच वेळ धरलीय.

रेंजबद्दल काय सांगू! आमच्या वाडीत एक जांभ्याचा चिरा आहे, त्यावर उभं राहिलं तरच दोन कांड्या येतात. त्याला पोरं "टॉवर" म्हणतात. तुमच्याकडेही असा चिरा नाहीतर सड्यावरचं एखादं काजूचं झाड असणारच. फायबरचं कनेक्शन वाडीपर्यंत आलं असेल तर शेजारच्या दोन घरांत मिळून घेतलेलं काय वाईट? वायफायवर ॲपचे कॉल घरात बसून होतात. मोबाइल डेटावर असाल तर व्हिडिओ रोज नको. नुसत्या आवाजाला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी लागतो, म्हणजे तासभराला फार तर 60 एमबी. व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट खातो आणि रेंज कमी असली की माणूस तोंड उघडलेल्या अवस्थेत गोठतो. सासूबाई घाबरतात.

माझ्या मते या सगळ्यात उगाच दुर्लक्षित राहिलेली चीज म्हणजे व्हॉट्सॲपवरचं आवाजाचं रेकॉर्डिंग. ते यूएईत चालतं, फुकट आहे, आणि रेंज नसली तरी चालतं. माइक दाबून बोला, सोडून द्या. घड्याळाची छोटी खूण दिसत राहील, रेंज आली की आपोआप जाईल. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा आमच्याकडे वीज नाही, टॉवर मेलेले. माझा चुलतभाऊ शारजात, तो तिकडे वेडापिसा. चौथ्या दिवशी मी बायकवरून कणकवलीला जनरेटरसाठी डिझेल आणायला गेलो. वाटेत खिशातला फोन टिंगटिंग करायला लागला, आणि आधीच्या तीन दिवसांत काकीने माझ्या फोनमध्ये बोलून ठेवलेलं सगळं एकदम निघून गेलं. त्यात दोन मिनिटं नुसता वाऱ्याचा आवाज आणि मागून काकी: "माड पडलो रे, पण घर आसा." तो अजून ते पुसत नाही म्हणतो. तेव्हा सासूबाईंना दोन दिवसांआड तुमच्या फोनसमोर बसवा, माइक तुम्ही दाबा.

एक धोक्याची गोष्ट. तिकडे लेबर कॅम्पात कुणी अगदीच स्वस्त कॉलिंग विकतं, आणि त्यावरून केलेला फोन तुमच्याकडे +971 ऐवजी भारतातल्या दहा आकडी नंबरने येतो. तो प्रकार सरळ नाही. इकडे कुठल्या तरी भाड्याच्या खोलीत एका डब्यात ढीगभर सिमकार्डं घालून परदेशातला कॉल लोकल म्हणून फिरवलेला असतो. बेकायदा आहे, आणि त्याच डब्यांतून "तुमचा मुलगा दुबईत पकडला गेलाय, पैसे पाठवा" असले फोनही येतात. असा कॉल आला तर सरकारच्या संचार साथी साइटवर, परदेशातून भारतीय नंबरने आलेला कॉल कळवायची वेगळी सोय आहे, तिथे टाका. आणि मिस्टरांना ते कार्ड घेऊ नको म्हणा. तसंच, अनोळखी परदेशी नंबरचा मिसकॉल दिसला की "आमच्यांचाच असेल" म्हणून उलटा लावायचा नाही. पैसे काढायचा तो जुना धंदा आहे.

मिस्टरांचं इकडचं सिम चालू ठेवा. 90 दिवस वापर नसला तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्याला मिळू शकतो, आणि बँकेचा ओटीपी, व्हॉट्सॲप सगळं त्याच नंबरला बांधलेलं असतं. तिकडे त्या सिमचं डेटा रोमिंग मात्र बंदच ठेवायला सांगा. एका मुलाने विमानतळावर उतरल्या उतरल्या त्यावर रील बघितलं होतं. बिल त्याच्या बापाने मला दाखवलं, मी पाणी दिलं.

(कुणाचा मुलगा बोटीवर असेल तर ते गणित निराळं. सॅटेलाइट फोनला, म्हणजे 870 किंवा 881 ने सुरू होणाऱ्या नंबरला, इकडून चुकूनही लावू नका, फार महाग पडतो. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय करारात 23 डिसेंबर 2024 पासून बोटीवर इंटरनेटची सोय करायची आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यायचे असं आलंय. मुलाने कंपनीला तेवढं विचारावं आणि बोटीवरच्या वायफायवरून त्यानेच लावावा.)

चतुर्थीचं आत्ताच ठरवून ठेवा. आरतीच्या वेळी सगळी वाडी एकदम व्हिडिओ लावते आणि टॉवर मान टाकतो. मीटची लिंक आदल्या दिवशी पाठवा, आरतीच्या अर्धा तास आधी कॉल जोडून ठेवा, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून गणपतीसमोर उभा करा. आणि सासूबाईंना बजावून सांगा की व्हिडिओ असताना फोन कानाला लावायचा नाही. गेल्या वर्षी आमच्या भावाने संपूर्ण सुखकर्ता दुःखहर्ता काकीच्या कानातली कुडी बघत म्हटली.