तयार गेमिंग पीसी घेताय? आधी झाकण उघडायला सांगा

भाऊ, बजेट कमी आहे म्हणून नाराज होऊ नका. पुढे वाढवता येईल असा पीसी नीट पारखून घेतला की वर्षानुवर्षं साथ देतो. दुकानात रंगीत दिव्यांवर जाऊ नका, बाजूचं झाकण उघडायला सांगा.

आधी पॉवर सप्लाय (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) बघा, कारण स्वस्त पीसीत काटकसर बहुतेक तिथेच होते. लेबलवर कंपनीचं नाव, वॅट आणि '८० प्लस' (वीज कमी वाया जाते याची खूण) वाचा. चांगला ६५० वॅटचा असेल तर उद्या मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड बिनधास्त बसवा. मोठ्या ब्रँडचे जुने ऑफिस पीसी मात्र टाळा. त्यांच्यात सप्लायचे कनेक्टर बऱ्याचदा वेगळेच असतात, बाजारातला साधा एटीएक्स (म्हणजे ठरलेल्या मापाचा) सप्लाय बसत नाही.

'आय सेव्हन (इंटेलचा प्रोसेसर) आहे' एवढ्यावर भुलू नका, कितव्या पिढीचा ते विचारा. नवीन घेताना एएमडी कंपनीचं एएम५ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) बरं, पुढे प्रोसेसर बदलता येतो: ते २०२२ मध्ये आलं, आणि किमान २०२७ पर्यंत चालू ठेवू असं कंपनीने सांगितलंय.

रॅमची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी जोडून घ्या, गेममध्ये फरक लगेच दिसतो.

आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो. पुढून काचेने बंद असलेलं कॅबिनेट अजिबात नको, जाळीचंच घ्या. धूळ महिन्याला झाडा.

ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं), वॉटर कूलिंग (पाण्याने थंड ठेवणं) सध्या विसरा. बिलावर प्रत्येक पार्टचं मॉडेल आणि सिरीयल नंबर मात्र लिहून घ्याच, वॉरंटीला तेच लागतं.