फायटर माशाची पहिली टाकी

आपण आणलेला फायटर, म्हणजे बेटा मासा, अजून दुकानातल्या बरणीतच असेल, तर सर्वप्रथम ती बरणी बदलावी. मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतला आणि संथ, उथळ पाण्यातला हा मासा कल्ल्यांखेरीज डोक्यातील एका विशेष अवयवाने पृष्ठभागावरची हवाही घेतो, म्हणून तो बरणीत तग धरतो आणि दुकानदारांचे फावते. टाकी किमान 15 ते 20 लिटरची, झाकणाची घ्यावी (तो उडी मारतो), मात्र झाकणाखाली चार बोटे हवेला जागा सोडावी.

खरी मेख नव्या पाण्यात आहे. विष्ठेपासून आणि उरलेल्या खाद्यापासून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात रुजायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर दर दोन दिवसांनी थोडे पाणी बदलावे, पुढे आठवड्याला चौथा हिस्सा पुरतो. नळाचे पाणी अँटिक्लोरीन (पाण्यातला क्लोरीन घालवणारे औषध) घालूनच वापरावे. सुरुवातीला मी स्पंज नळाखाली अगदी स्वच्छ होईपर्यंत धुतला होता; त्यात हे जिवाणूच गेले, काही दिवसांतच पाणी दुधाळ झाले आणि मासा पर मिटून तळाशी पडून राहिला. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळावा.

पाणी 24 ते 28 अंश सेल्सिअस असावे. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागतोच. दोन नर एकत्र कधीही ठेवू नयेत.