कुलपती, कुलगुरू आणि दहा हजारांचं जेवण

प्रश्न असा आला आहे: हिंदी बातम्यांत विद्यापीठाच्या प्रमुखाला ‘कुलपति’ म्हणतात आणि मराठीत ‘कुलगुरू’. मग बरोबर कोणतं? आणि त्या पदावर स्त्री असेल तर शब्द बदलायचा का?

दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं आहे. बदलायचा नाही. ते कुलगुरू, त्या कुलगुरू. ‘कुलगुर्वी’सारखी रूपं घडवण्याची काही गरज नाही. लिहिताना फक्त एवढं पाहा की ‘गुरू’ शेवटी आला की ‘रू’ दीर्घ आणि समासात आधी आला की ऱ्हस्व. म्हणून गुरुकुल, पण कुलगुरू.

पहिल्या भागाचं कायदेशीर उत्तरही लगेच देऊन टाकतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे कुलपती म्हणजे राज्यपाल, आणि कुलगुरू म्हणजे विद्यापीठाचा रोजचा कारभार हाकणारा प्रमुख. त्यामुळे ‘कुलपतींनी परीक्षा पुढे ढकलली’ अशी पट्टी मराठी वाहिनीवर सरकताना दिसली की माझं डोकं फिरतं. राज्यपालांनी काहीही पुढे ढकललेलं नसतं. हिंदी मजकूर घाईघाईत मराठी केलेला असतो, इतकंच. ही चूक किरकोळ नाही. कुलगुरूंना नेमतात कुलपती आणि हटवण्याचा अधिकारही त्यांचाच. या दोघांमधल्या वादाच्या बातमीत शब्दांची अदलाबदल झाली, तर कोणी कोणाला नोटीस दिली हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

तेव्हा मराठी लिहिताना कुलगुरू. आता जे खरं सांगायचं आहे ते सांगतो: अर्थाच्या दृष्टीने हिंदीचा शब्द आपल्यापेक्षा सरस होता.

कुलपतीची जुनी व्याख्या संस्कृतात एका श्लोकात दिली आहे. आपट्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘कुलपति’ काढलात तर ती सापडेल:

मुनीनां दशसाहस्रं योऽन्नदानादिपोषणात् ।
अध्यापयति विप्रर्षिरसौ कुलपतिः स्मृतः ॥

दहा हजार मुनींचं अन्नदान वगैरे करून पोषण करतो आणि त्यांना शिकवतो, तो ब्रह्मर्षी म्हणजे कुलपती. शब्दांचा क्रम पाहा. आधी अन्नदान, मग ‘अध्यापयति’. दहा हजार पानं मांडायची, त्यासाठी धान्य, गाई, सरपण यांची तजवीज करायची आणि तोच माणूस पुढे शिकवायलाही बसणार. कोठार आणि पाठ एकाच्या हाती!

हा श्लोक नंतरचा आहे, दशसाहस्र ही अतिशयोक्ती आहे, म्हणून तो सोडून द्या, असं काही संस्कृतज्ञ म्हणतात. आकडा सोडून द्यायला माझी हरकत नाही, पण अर्थ कसा सोडणार? महाभारताच्या आरंभीच नैमिषारण्यात ‘शौनकस्य कुलपतेः’, म्हणजे कुलपती शौनकाचं, बारा वर्षांचं सत्र, म्हणजे लांब चालणारा यज्ञ, चाललं आहे. बारा वर्षं चालणारं सत्र म्हणजे बारा वर्षांचा शिधा. ‘शाकुंतला’त कण्वाला कुलपती म्हटलं आहे. दुष्यंत आश्रमाजवळ येतो तेव्हा कण्व घरी नाही, सोमतीर्थाला गेला आहे, आणि जाताना अतिथिसत्काराचं काम शकुंतलेवर सोपवून गेला आहे. राजाला या कुलपतीबद्दल पहिल्यांदा कळतं ते एवढंच की आल्यागेल्याची व्यवस्था लावल्याशिवाय तो जागचा हललेला नाही. व्याख्या उशिराची असेल, पण कालिदासाच्या डोळ्यांपुढचा कुलपती तोच आहे.

आता ‘कुल’ घ्या. माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी सोडणार नाही, की कुलपतीतलं कुल आणि कुलगुरूतलं कुल ही दोन वेगळी कुलं आहेत. पहिलं कुल म्हणजे समूह, एकत्र राहणाऱ्यांचा मेळा. गोकुळातलं कुल तेच: गाईंचा कळप. भुंग्यांचा थवा तो अलिकुल. कुलपती हा अशा मेळ्याचा सांभाळ करणारा. दुसरं कुल म्हणजे वंश: कुलदैवत, कुलाचार, कुलदीपक. कुलगुरू हा त्या रांगेतला शब्द. वसिष्ठ रघुकुलाचे कुलगुरू होते म्हणजे त्या वंशाचे गुरू होते. ते सल्ला देत, संस्कार करत. अयोध्येचा कारभार ते पाहत नव्हते, तो राजा पाहत होता.

आपल्याकडे मात्र अर्थसंकल्प मांडायचा, भरती करायची, व्यवस्थापन परिषदेचं अध्यक्षपद सांभाळायचं आणि वसतिगृहाच्या जेवणाच्या तक्रारीही ऐकायच्या, हे सगळं कुलगुरूंनी. राज्यपाल शिकवत नाहीत आणि पोसतही नाहीत, तरी कुलपती ते! नावं सरळ उलटी पडली आहेत.

याला इतिहास कारण आहे असं मला वाटतं. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या, शिकवायचं ते महाविद्यालयांनी. श्लोकातलं ‘अध्यापयति’ हे क्रियापद त्या विद्यापीठांच्या वाट्याला आलंच नव्हतं. गव्हर्नर हा चॅन्सेलर, म्हणजे आपला कुलपती, आणि व्हाइस-चॅन्सेलर, म्हणजे आपला कुलगुरू, हा दुसरं काम सांभाळून हे पाहणारा मानाचा माणूस. काशिनाथ त्रिंबक तेलंग १८९२ मध्ये मुंबईचे पहिले भारतीय व्हाइस-चॅन्सेलर झाले तेव्हा ते उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. अशा पदाला ‘कुलगुरू’ शोभतो, कारण तिथे सल्ला आणि प्रतिष्ठा एवढंच अपेक्षित होतं. पुढे १९१७ च्या सॅडलर आयोगाने, विद्यापीठाने स्वतः शिकवावं, विद्यार्थी तिथेच राहावेत आणि व्हाइस-चॅन्सेलर पूर्णवेळ पगारी असावा, असा आग्रह धरला. १९२१ मध्ये ढाक्याचं विद्यापीठ त्या नमुन्यावर उभं राहिलं. शिकवणारं, मुलांना ठेवून घेणारं विद्यापीठ आणि त्याला पूर्णवेळ वाहिलेला प्रमुख: हे नैमिषारण्यातल्या कुलपतीचं वर्णन आहे. नेमका तो शब्द आपण राज्यपालांना देऊन बसलो.

म्हणूनच मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये आणि राजस्थानने २०२५ मध्ये ‘कुलपति’ काढून ‘कुलगुरु’ आणला, आणि आपल्याकडच्या काही भाषाप्रेमींनी ‘बघा, शेवटी मराठीचंच खरं ठरलं’ म्हणून टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्यांत मी नाही. समर्थनाला कारण दिलं जातं ते असं की ‘पती’मध्ये मालकीचा वास येतो आणि ‘गुरू’त परंपरा आहे. परंपरेचाच दाखला द्यायचा तर कुलपतीचा दाखला महाभारतातला आहे. आणि पती म्हणजे केवळ नवरा किंवा मालक हे कोणी सांगितलं? ‘पाति इति पतिः’, रक्षण करतो तो पती, अशी व्युत्पत्ती परंपरेनेच दिली आहे. तुलनात्मक भाषाशास्त्र या शब्दाचं नातं लॅटिनमधल्या ‘समर्थ’ या अर्थाच्या ‘पोटिस’शी जोडतं. तेही खुशाल धरा. पण साक्षात देवांचे गुरू कोण? बृहस्पती! देवांच्या गुरूला नावातला ‘पती’ खटकला नाही, तर आपल्या मंत्रिमंडळांना का खटकावा?

कुलपती हा शब्द परत मागायचा तर राज्यपालांना काय म्हणायचं, असं कोणी विचारेल. हिंदीतला ‘कुलाधिपती’ चालेल. मूळ ‘चॅन्सेलर’ तरी कुठे विद्यापीठाच्या आतला होता? लॅटिन ‘कॅन्सेली’ म्हणजे जाळीचा कठडा आणि त्या कठड्यापाशी बसणारा तो ‘कॅन्सेलारियस’. मध्ययुगीन पॅरिसमध्ये चॅन्सेलर हा कॅथीड्रलचा अधिकारी होता. शिकवण्याचा परवाना त्याच्या हातात आणि शिक्षकांचा संघ त्याच्याशी सतत भांडत असे. शेवटी १२३१ मध्ये पोप नववा ग्रेगरी यांनी फर्मान काढून त्याच्या अधिकारांना लगाम घातला.

जाता जाता ‘प्र’चंही सांगून टाकतो, कारण तोही रोज कानावर पडतो. आपल्या अधिनियमात कुलगुरूंच्या हाताखालचा ‘प्र-कुलगुरू’ आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंत्र्यांसाठी ‘प्र-कुलपती’ पदाची दुरुस्तीही मंजूर केली होती. ती नंतर मागे घेतली गेली. हा ‘प्र’ इंग्रजी ‘प्रो-व्हाइस-चॅन्सेलर’मधल्या ‘प्रो’च्या आवाजावरून उचललेला आहे. संस्कृत ‘प्र’ दुय्यम पद दाखवत नाही, तो पुढे नेतो: पितामहाच्याही वरचा तो प्रपितामह, आचार्यांत अग्रेसर तो प्राचार्य. त्या हिशेबाने प्र-कुलगुरू हे कुलगुरूंच्या वरचे ठरतात. एखाद्याच्या वतीने काम पाहणाऱ्याला आपल्याकडे ‘प्रति’ आहे, प्रतिनिधीतला. प्रतिकुलगुरू म्हणा, किंवा सरळ उपकुलगुरू.