स्पॅनिश येत नसेल तर झोरोवरचा तो इंग्लिश-स्पॅनिश ऑपेरा कळतो का? आणि एकाच खेळात दोन भाषा कशाला?

कळतो. मला स्पॅनिशचा ओ की ठो येत नाही, तरी कळला. माझ्या आईचं तर इंग्लिशही बेताचंच, तिलाही कळला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे इथंच संपलं, पण खाली तुम्ही जे जोडलंय ना, "एक भाषा धरून का नाही करत, अशानं दोन्हीकडचे लोक नाराज होतात", त्या एका वाक्यावरून माझं साडूशी गेली सहा वर्षं वाजतंय, त्यामुळे आता वेळ असेल तर बसा, नसेल तर शेवटचा परिच्छेद वाचून तिकीट काढा.

तुम्ही म्हणताय तो हेक्टर आर्मिएंटा यांचा झोरो. मेक्सिकन-अमेरिकन संगीतकार, शब्दही त्यांचेच. टेक्सासात फोर्ट वर्थला २०२२ साली पहिल्यांदा झाला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या इथं कॅलिफोर्नियात, सॅन होजेला आला, तेव्हा मी बघितला. झोरोची गोष्ट सांगत बसत नाही, काळा मुखवटा, काळा घोडा, तलवारीनं झेड काढणारा, दिवसा श्रीमंताघरचा गुळमुळीत डिएगो आणि रात्री गरिबांचा वाली, हे लहानपणी टीव्हीवर बघितलं नसेल असा माणूस आपल्या पिढीत नसावा. सांगायचं ते वेगळंच आहे.

ही गोष्ट घडते तेव्हाचं लॉस एंजेलिस म्हणजे आजचं शहर नव्हे. १७८१ साली ४४ माणसांनी येऊन वसवलेलं, स्पेनच्या राजाच्या अंमलाखालचं धुळीनं भरलेलं गाव. १८२१ ला ते मेक्सिकोकडे गेलं आणि रीतसर अमेरिकेचं झालं थेट १८४८ ला. म्हणजे झोरो ज्या गावात भिंतीवर झेड काढत हिंडतो तिथं बाजारात, चर्चमध्ये, शिपायांच्या चौकीत सगळा कारभार स्पॅनिशमध्ये. आणि हा माणूस जन्माला आला मात्र इंग्लिशमध्ये! १९१९ साली जॉन्स्टन मॅककली नावाच्या इलिनॉयच्या लेखकानं एका स्वस्तातल्या साप्ताहिकात क्रमशः लिहिला, पुढच्याच वर्षी त्यावर सिनेमा आला, आणि तेव्हापासून शंभर वर्षं हा डिएगो दे ला वेगा इंग्लिशच बोलतोय. तेव्हा ज्यांना वाटतं की बरा चाललेला इंग्लिश ऑपेरा आणि त्यात उगाच स्पॅनिश घुसडलीय, त्यांना सांगा की पाहुणी इंग्लिश आहे. घर स्पॅनिशचं आहे.

हे वाक्य मी घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. साडूनं अंगठा दाखवला. नुसता अंगठा. त्याच्या अंगठ्याचा अर्थ मला कळतो.

तर झालं असं की २०१९ च्या गणपतीत मुलांची छोटी नाटुकली बसवायची म्हणून मी एक पंधरा मिनिटांचं लिहिलं. इंडियातून आज्जी येते, तिची बॅग एअरपोर्टवर हरवते, एवढंच. त्यात मुलं आपापसात इंग्लिश बोलतात आणि आज्जीशी मराठी, कारण बाबांनो, घरात तसंच बोलतात! माझ्या घरात, तुमच्या घरात, साडूच्या घरात तर जास्तच. पण कार्यक्रम साडूच्या हातात, तो म्हणाला, एक भाषा निवड, आपण इथं मराठी जपायला जमतो, असलं ना धड इकडचं ना धड तिकडचं स्टेजवर नको. (शब्द त्यानं दुसरा वापरला होता, तो जुना सगळ्यांच्या तोंडात असलेला. तो मी लिहीत नाही, त्यात भाषेपेक्षा एका जातीला हिणवलंय आणि हे मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं.) शेवटी मी माघार घेतली. सगळं मराठी केलं. आठ मुलं, सगळ्यांनी वाक्यं इंग्लिश अक्षरांत लिहून पाठ केली, "आज्जी तुमचे सामान मिळाले नाही तरी चालेल, आम्हाला तुम्ही मिळालात", आता मला सांगा कुठलं नऊ वर्षांचं पोर असं बोलतं, पुण्यातलं तरी बोलतं का?

हे वाक्य माझ्या मुलीचं होतं. ऐन वेळी अडलं. माइक समोर, दीडशे माणसं, मी विंगेत, आणि ती नुसती बघतेय. मग तिनं समोरच्या मुलीचा, म्हणजे आज्जीचा, हात धरला आणि म्हणाली, इट्स ओके आज्जी, वी गॉट यू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, मी कान देऊन ऐकत होतो. आणि नंतर आत कपडे बदलताना साडू सगळ्यांसमोर म्हणाला, एवढं एक वाक्य होतं गं तुला. बस. पोरगी परत स्टेजवर गेली नाही. आता पंधरा वर्षांची आहे.

म्हणून झोरोची जाहिरात आली आणि त्यात "इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये" असं वाचलं तेव्हा ऑपेरातलं काही कळत नसताना तीन तिकिटं काढली. एक मी, एक लेक, एक आई, ती तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. बायको म्हणाली, तुम्ही कलेसाठी नाही, भांडणासाठी चाललाय. बरोबर होतं तिचं.

आई सांगलीची. बी.ए. मराठी, अख्खी नाट्यपदं पाठ. इंग्लिश वाचता येतं पण सावकाश, आणि स्टेजच्या वर पट्टीवर दोन्ही भाषांत ओळी येतात त्या ती अर्धी वाचेपर्यंत पुढची येते. लेकीला शाळेत स्पॅनिश आहे, दुसरं वर्ष. म्हणजे बघा, तिघांत मिळून तीन भाषा, आणि तिन्ही पूर्ण कुणालाच येत नाहीत. पहिली पाच मिनिटं आई गप्प. मग मला कोपर, "का ओरडायलाय रे हा एवढा?" मी म्हटलं ओरडत नाहीये, गातोय. "माइक कुठं लपवलाय?" माइक नाहीये आई. त्यावर जी माझ्याकडे वळून बघत राहिली! अकराशेच्या आसपास खुर्च्यांचं थिएटर, १९२७ चं जुनं सिनेमागृह दुरुस्त करून केलेलं, पुढं खड्ड्यात अख्खा वाद्यवृंद, आणि गाणारा माणूस नुसत्या छातीच्या जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. आईचे वडील सांगायचे म्हणे, आमच्या काळी नटाचा आवाज पिटातल्या शेवटच्या माणसाच्या पोटात बसायचा. तेवढ्या एका गोष्टीवर तिनं ऑपेराला आपलं मानलं.

पुढं मग ती मला विचारायची थांबली आणि नातीला विचारायला लागली. आणि ही पोरगी, जी घरी मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देते, ती त्या अंधारात आज्जीच्या कानात स्पॅनिशचं मराठी करून सांगत होती. मोडकं तोडकं. "आज्जी, तो म्हणतो की मी... मी असा नाहीये, म्हणजे आहे, पण दाखवत नाही." पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा मागं वळून बघितलं, मी दोनदा हात जोडले, आणि या दोघींना पत्ताच नाही. मला मधेमधे स्टेज दिसत होतं, मधेमधे नव्हतं, सोडा.

मध्यंतरात आईचा आक्षेप: "आवाज तोच, उंची तीच, डोळ्यांवर चिंधी बांधली की ओळखू येईना होय त्या बाईला?" तर मी म्हटलं, अगं आई, मुखवटा डोळ्यांपुरताच ठेवतात कारण तोंड झाकलं तर गाणार कसा, आणि शाकुंतलात अंगठी हरवली म्हणून राजा बायकोला विसरतो ते तुला चालतं की. १८८० पासून पुण्या-मुंबईला लोक ते पैसे देऊन बघतायत. त्यावर ती हसली. मग म्हणाली, ते शापामुळं. म्हणजे हरली नाहीच.

तिचा दुसरा आक्षेप जास्त पटला. एक प्रेमाचं गाणं फार सुरेख झालं, टाळ्या पडल्या, आणि खेळ पुढं निघाला. "वन्स मोअर घेत नाहीत?" नाही घेत. "मग एवढं चांगलं गायचं कशाला!"

संगीताबद्दल मी फार बोलत नाही, अधिकार नाही. पण नुसता इटालियन पद्धतीचा ऑपेरा नाहीये हा. मेक्सिकन कोरिडो म्हणजे आपल्या पोवाड्याचा लांबचा भाऊ, वीराची गोष्ट चाल लावून सांगायची, त्याचा बाज आहे, स्पेनच्या फ्लामेंको नाचगाण्याचा रंग आहे. आणि भाषा बदलली की चालही हलते, स्पॅनिश शब्द बहुतेक स्वरावर संपतात त्यामुळं गाणाऱ्याला शेवटी आवाज सोडायला मोकळं रान मिळतं, इंग्लिशमध्ये शेवटी त, द, ट येऊन आदळतात. मराठी पदं गाणाऱ्याला विचारा, "आ" वर संपणारी ओळ आणि "ट" वर संपणारी ओळ यात काय फरक असतो ते. एका भाषेत हे मिळालं नसतं.

आता तुमचा "दोन भाषा कशाला". साडूचंही हेच, की ही हल्लीची फॅशन आहे. हल्लीची? संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, राणी आणि विदूषक प्राकृत, आणि बायकांची गाणी कशात, तर माहाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे ज्या मराठीला जपायला आपण जमतो तिची आज्जीच दुसऱ्या भाषेच्या नाटकात गाणं म्हणायला यायची! तंजावरचे शहाजीराजे, शिवाजी महाराजांचे पुतणे, १६८४ ला गादीवर बसले, त्यांच्या नावावर पंचभाषाविलास नावाचं नाटक आहे, त्यात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी, संस्कृत असं सगळं एका स्टेजवर. प्रेक्षक नाराज झाले असते तर राजाला दुसरे उद्योग होते. आणि ऑपेरात म्हणाल तर हँडल या जर्मन संगीतकाराचा पहिलाच ऑपेरा, १७०५, हॅम्बुर्ग, मधलं बोलणं जर्मन आणि गाणी काही जर्मन, काही इटालियन. हे सगळं मी साडूला एका रविवारी जेवणानंतर सांगितलं. तो म्हणाला, ते मोठे लोक रे, आपलं गणपतीतलं नाटक. म्हणजे मोठ्यांनी केलं तर परंपरा आणि नऊ वर्षांच्या पोरीनं केलं तर चूक.

बरं, खरं सांगायचं तर साडू वाईट माणूस नाही. दर शनिवारी तो चाळीस मैल गाडी चालवत जाऊन मुलांना बाराखडी शिकवतो, फुकट, मी जात नाही. आणि त्याची भीती अगदीच खोटी नाही, दोन भाषांना परवानगी दिली की पुढच्या वर्षी मराठी फक्त "आज्जी" या शब्दापुरती उरते, असं मी दोन कार्यक्रमांत बघितलंय. दोन भाषा ठेवायच्या तर दोन्हींना काम पाहिजे. नुसती फोडणी म्हणून दुसरी भाषा टाकली तर तिचा वास येतो. झोरोमध्ये तसं वाटलं नाही, पण एकदोन ठिकाणी इंग्लिश ओळी मला फार सरळसोट वाटल्या, निवेदन केल्यासारख्या, आणि तलवारबाजी गाता गाता करायची म्हटल्यावर ती जरा जपून होणार हे धरून चाला, सिनेमातला झोरो डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. झुंबराला लोंबकळणं वगैरे डोक्यातून काढून टाका.

तर तिकीट. पुढचं महागातलं अजिबात काढू नका, भाषांतराच्या ओळी स्टेजच्या डोक्यावर असतात, पुढं बसलात तर दोन तास मान वर करून बसाल आणि गाणारा दिसणार नाही. वरची बाल्कनी बरी, स्वस्त आणि ओळी समोर. गोष्ट आधी घरून वाचून जा, ऑपेरात गोष्ट फुटली म्हणून कुणी रडत नाही. कपड्यांचं टेन्शन घेऊ नका, आई नऊवारी नाही पण इरकल नेसून आणि वर स्वेटर घालून गेली होती, तिघाचौघांनी थांबवून छान म्हटलं. आणि घरात कुणी शाळेत स्पॅनिश घेतलेलं असेल तर त्याला बरोबर न्या आणि सीट कोपऱ्यातल्या घ्या, शेवटच्या रांगेतल्या, म्हणजे कुजबुजलं तरी कुणी वळून बघत नाही.