चावी दिली, डिपॉझिट अडकलं

घरभाड्याबद्दल येणाऱ्या पत्रांत निम्मी एकाच गोष्टीची असतात: घर सोडलं, डिपॉझिट मिळालं नाही. या वेळी त्यांतलीच काही घेतली आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे मालकाच्या परवानगीने ठरावीक मुदतीपुरतं राहायच्या कराराच्या घरांपुरती आहेत.

ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं आहे, म्हणून रजिस्टर करायची गरज नाही असं एजंट म्हणाला. फक्त नोटरी केली. आता मालक हात वर करतात. माझी बाजू लंगडी आहे का?

एजंटने चुकीचं सांगितलं, आणि असं सांगणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा; अकरा महिन्यांची सूट त्यात कुठेही नाही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तो चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. डिपॉझिट बँकेतून दिलं असेल तर तो उतारा काढा आणि वकिलांना दाखवा.

रंगकामाचे पैसे मालक कापू शकतात का?

ॲग्रीमेंटमध्ये तशी अट असेल तर हो. नसेल तर रोजच्या वापराने मळलेल्या भिंतीचा खर्च तुमच्या माथी मारता येत नाही. बिल मागा.

मार्चमध्ये घर सोडलं. मालक म्हणाले, "नवीन भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून देतो." पाच महिने झाले, आता फोनही उचलत नाहीत. पोलिसांत जाऊ का?

पोलीस बहुधा "हे दिवाणी प्रकरण आहे" म्हणून परत पाठवतील. पण मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे: चावी देताना तुम्ही काय लिहून घेतलंत? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही, आणि दहांतल्या नऊ पत्रांत नसतो. टेम्पो खाली उभा असतो, मालक "काका आहे ना मी" म्हणतात, आणि साठ-सत्तर हजार रुपये तोंडी शब्दावर सोडून माणूस निघतो.

नवीन भाडेकरू मिळणं न मिळणं हा मालकाचा प्रश्न आहे. तशी अट करारात नसेल तर तुमच्या पैशांना तो थांबवू शकत नाही. एक मुलगी माझ्याकडे आली होती, तिने वहीच्या पानावर लिहून घेतलं होतं: 'आज ताबा मिळाला. पंखे चार, गीझर चालू, नळ ठीक. वीज मीटरचं रीडिंग अमुक. डिपॉझिट सत्तर हजार देणे बाकी.' खाली तारीख आणि मालकाची सही. नोटीस गेल्यावर आठवड्यात पैसे खात्यात आले. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

"पैसे मिळेपर्यंत चावीच देऊ नका" हा सल्लाही सर्रास फिरतो. ऐकीव सल्ल्यावर असं करू नका. मुदत संपल्यावर घर अडवून धरलं तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालकाला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. 'ताबा आणि डिपॉझिट एकाच वेळी' अशी अट करारात आहे का, हे आधी वकिलांकडून वाचून घ्या.

तुमच्याकडे कागद नाही, तरी मेसेज असतील. "देतो" म्हणाल्याचा प्रत्येक मेसेज जपा. बँकेचा उतारा आणि सोसायटीच्या गेटवरची सामान बाहेर नेल्याची नोंद जोडून वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. "बघू दिवाळीनंतर" करत ती संपवलेले लोक मी पाहिले आहेत. या आठवड्यात जा.

शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करून घेऊ का?

मालकाची लेखी संमती असेल तरच. नाहीतर थकबाकीदार तुम्हीच ठरता.

केंद्राच्या कायद्याने डिपॉझिट दोनच महिन्यांचं असतं ना?

तो २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा, म्हणजे राज्यांसाठीचा नमुना. राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. जास्त दिलेली रक्कम त्याच्या आधारे मागू नका.

डिपॉझिटवर व्याज मिळतं का? स्टॅम्प ड्युटीच्या हिशेबात १० टक्के धरले होते.

ते फक्त ड्युटी काढण्यापुरतं. करारात व्याज लिहिलं नसेल तर धरून चालू नका. नोटिशीनंतरही मालकाने रक्कम अडवली, तर उशिराचं व्याज दाव्यात मागायचं का ते वकिलांना विचारा.