शॉर्ट फिल्मसाठी केमिस्ट्री वापरून स्पेशल इफेक्ट्स कसे करता येतील?

तुमच्या प्रश्नात चार शॉट आहेत: शास्त्रज्ञाच्या लॅबमधलं धुकं, सांडलेलं अ‍ॅसिड टेबल खात जातं तो क्लोजअप, चमकणारं औषध आणि शेवटचा स्फोट. आणि अट अशी की शक्यतो सगळं कॅमेऱ्यासमोर घडायला हवं, कॉम्प्युटरवर नको. मी केमिस्ट्री शिकवते आणि विद्यार्थ्यांच्या फिल्म्सना या कामात बरेचदा मदत केलीय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी खरं अ‍ॅसिड डोक्यातून काढून टाका. कॅमेऱ्याला बाटलीत काय आहे ते कळत नाही, त्याला हालचाल, रंग आणि उजेड तेवढा दिसतो, त्यामुळे पडद्यावर तसं दिसेल अशी सगळ्यात निरुपद्रवी वस्तू कोणती हे शोधणं हेच तुमचं काम. तसंही तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिडने लाकूड पडद्यावर दाखवतात तसं भसकन विरघळत नाही, ते हळूहळू काळं पडत जातं, म्हणजे एवढा धोका पत्करून शॉटही धड मिळणार नाही.

त्याऐवजी थर्माकोल आणि अ‍ॅसिटोन घ्या. टेबलाचा जेवढा भाग फ्रेममध्ये दिसणार आहे तेवढाच जाड थर्माकोलचा बनवायचा आणि वरून पाण्यात मिसळणाऱ्या रंगाने लाकडासारखा रंगवायचा (ऑइल पेंट किंवा स्प्रे नको, त्यातलं सॉल्व्हंटच थर्माकोल खातं). रंगाचा थर पातळ ठेवा आणि जिथे ओतणार तिथे टाचणीने थोडी भोकं पाडा, नाहीतर अ‍ॅसिटोन आत पोचेपर्यंत नट नुसता बघत बसतो. एकदा आत गेलं की मग बघा, आधी रंगाला सुरकुती पडते, मग कडेने बारीक बुडबुडे येतात, आणि मग मधला भाग एकदम खाली बसून खड्डा पडतो, आत चिकट लगदा उरतो. इथे काही जळत नाही, कुठली रिअ‍ॅक्शनही होत नाही. थर्माकोल म्हणजे बहुतेक सगळी हवाच असते, प्लास्टिक मऊ पडलं की ती हवा सुटते आणि डोलारा कोसळतो. धूर हवा असेल तर टेबलामागे, फ्रेमच्या बाहेर, गरम पाण्याच्या वाटीत ड्राय आइसचा छोटा तुकडा टाका, दोन्ही मिळून शॉट फार छान दिसतो.

पण अ‍ॅसिटोन भयंकर ज्वालाग्राही आहे हे सेटवरच्या प्रत्येकाला आधी सांगा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटू शकते, त्यामुळे खोलीत मेणबत्ती नको, सिगरेट नको, तापणारे हॅलोजन लाइट नकोत, एलईडी वापरा आणि खिडक्या उघड्या ठेवा. डोळ्यांना गॉगल लावा, लागेल तेवढंच थोडं अ‍ॅसिटोन काचेच्या भांड्यात घ्या. साधे नायट्राइल ग्लोव्हज अ‍ॅसिटोनसमोर फार टिकत नाहीत, भिजले की लगेच बदलायचे.

आता धुकं. ड्राय आइस म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, साधारण उणे 78 अंशाला असतो आणि न वितळता थेट वायू होतो. दिसतं ते पांढरं धुकं मात्र पाण्याचं असतं, वाफ थंड होऊन तिचे बारीक थेंब होतात, म्हणून पाणी जितकं गरम तितकं धुकं दाट. पाणी गार झालं की धुकं मरतं, तेव्हा प्रत्येक टेकला ताजं गरम पाणी तयार ठेवा. हे धुकं जमिनीलगत सरपटतं म्हणून सगळ्यांना आवडतं, आणि धोकाही तिथेच आहे, कारण त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही खालीच साचतो. एक किलो ड्राय आइसपासून साधारण 500 लिटर वायू होतो. त्यामुळे जमिनीवर पडलेला बेशुद्ध माणूस आणि त्याच्यावरून वाहणारं धुकं असा शॉट बंद खोलीत कोणी कितीही हट्ट केला तरी करू नका, त्याच्या नाकाशी हवाच उरत नाही. झाकण लावलेल्या बाटलीत तर कधीच भरायचा नाही, ती फुटते. उचलायला जाड कोरडे हातमोजे किंवा चिमटा वापरा.

चमकणारं औषध हा माझा सगळ्यात आवडता भाग. टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन असतं आणि ते यूव्ही उजेडात निळं चमकतं. व्हिटॅमिन बी-2 ची गोळी पाण्यात घोळली की पिवळट हिरवं मिळतं. यूव्ही टॉर्च 365 नॅनोमीटरचा घ्या, 395 वाल्याचा जांभळा उजेड सगळीकडे सांडतो आणि चमक त्यात बुडून जाते. टॉर्च कोणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही हे वेगळं सांगायला नको. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर लॉक करा, ऑटोवर ठेवलं तर तो निळा रंग आपल्या मनाने दुरुस्त करायला जातो. आणि तुमच्या गोष्टीत औषधावर उतारा टाकतात तो प्रसंग आहे ना, तो खरोखर घडवता येतो! त्या टॉनिक वॉटरमध्ये मिठाचं तीव्र पाणी ओता, मिठातले क्लोराइड आयन क्विनाइनची चमक दाबून टाकतात आणि निळा उजेड डोळ्यांसमोर मंदावतो. पूर्ण विझत नाही, पण अंधाऱ्या फ्रेममध्ये फरक स्पष्ट दिसतो, आणि कट न करता एका शॉटमध्ये मिळतो.

स्फोटासाठी आग नको, दारू नको, घरी बनवलेला स्मोक बॉम्ब तर नकोच. अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी व्हिडिओत मस्त दिसतो पण त्यातलं क्रोमियम कॅन्सरकारक आहे. मेथॅनॉलच्या रंगीत ज्वाळांनी वर्गात प्रात्यक्षिक दाखवताना मुलं भाजल्याच्या घटना झालेल्या आहेत. तुम्ही काचेची मोठी टाकी घ्या, खाली मिठाचं दाट पाणी भरा, वर अलगद साधं पाणी सोडा, दोन्ही थर मिसळू देऊ नका. मग पातळ केलेला पांढरा पोस्टर कलर सिरिंजने वरून सोडा. तो खाली येतो, दाट थरावर आपटतो आणि आडवा फुगत जातो. फुटेज खाली-वर उलटं केलं की खालून वर उसळणारा ढग तयार, बाजूने नारिंगी उजेड मारला की स्फोट. मोठ्या सिनेमांत हे तंत्र वर्षानुवर्षं वापरलं गेलंय. 2006 च्या ‘द फाउंटन’मधल्या अवकाशाच्या दृश्यांसाठी तर छायाचित्रकार पीटर पार्क्स यांनी छोट्या काचेच्या बशीतल्या रासायनिक क्रियांचं मॅक्रो शूटिंग केलं होतं.

यात वेगाचा हिशोब महत्त्वाचा आहे. छोटी गोष्ट मोठी वाटायची तर ती सावकाश हलली पाहिजे. नियम असा की मॉडेल जितक्या पट लहान, त्याच्या वर्गमुळाइतके पट फ्रेम्स जास्त, म्हणजे 16 पट लहान असेल तर 4 पट, सेकंदाला 24 ऐवजी 96 फ्रेम्स. फोनवर 120 चा पर्याय असेल तर तो लावा, पुरतो.

बाकीचं थोडक्यात. रक्तासाठी ग्लुकोज सिरप, लाल खाद्यरंग, त्यात निळ्याचा एखादा थेंब आणि पारदर्शकपणा घालवायला चिमूटभर कोको. बोट लावताच पाणी गोठतं असं दाखवायचं असेल तर सोडियम अ‍ॅसिटेटचं अतिसंपृक्त द्रावण (म्हणजे एरवी मावेल त्यापेक्षा जास्त विरघळवलेलं), ते परत तापवून रिटेकला तेच वापरता येतं, फक्त भांडं स्वच्छ हवं, धुळीचा कण पडला तरी आधीच गोठतं. लोखंडी वस्तू जुनी दाखवायला व्हिनेगर, मीठ आणि मेडिकलवालं हायड्रोजन पेरॉक्साइड, मोकळ्या हवेत, काही मिनिटांत गंज चढतो. हे मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका आणि त्याच्या आसपास ब्लीच आणूच नका, व्हिनेगरबरोबर क्लोरीन वायू सुटतो.

टेबलाचा शॉट रिटेकला लागणारच, तेव्हा थर्माकोलचे सारखे रंगवलेले तीन-चार तुकडे आधीच तयार ठेवा. शूट संपल्यावर तो चिकट लगदा आणि उरलेलं अ‍ॅसिटोन बेसिनमध्ये ओतू नका. लगदा बाहेर मोकळ्यावर पूर्ण सुकू द्या, मग कचऱ्यात टाका, आणि उरलेलं अ‍ॅसिटोन झाकण लावून तुमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये नेऊन द्या, त्यांच्याकडे वाया गेलेल्या सॉल्व्हंटसाठी वेगळी बाटली असते.